पट्टीचा रंग पिवळा

आमच्या घरात माझ्या आजाराला नाव नाही. आई त्याला 'ते' म्हणते. पप्पा 'तुझं मेडिकलचं' म्हणतात. कन्नड गावची आत्या काहीच म्हणत नाही, फक्त आल्या आल्या माझ्या कपाळाला हात लावून बघते. ल्यूपस हा शब्द मी दवाखान्याबाहेर पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला तो एका बांगड्यांच्या दुकानात, आणि तोवर माझ्या किडन्यांचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मी इंग्रजी माध्यमात शिकले. कुणी 'हाऊ आर यू' विचारलं की 'फाइन, थँक यू' म्हणायचं, हे आम्हाला पहिलीत रांगेत उभं करून शिकवलं होतं आणि माझ्या बाबतीत ते फारच पक्कं बसलं. मराठीत लिहायला मला वेळ लागतो. तरी हे मराठीत लिहिते आहे, कारण आई इंग्रजी वाचत नाही. आणि ज्यांच्या घरात एखादी आजारी मुलगी असेल आणि तिला महिन्यातून एकदा फोनसमोर नीट बसवत असतील, त्यांनीही हे वाचावं.

नाव कळलं तो दिवस

मी तेवीस वर्षांची होते. एका कंपनीसाठी घरून इंग्रजी मजकूर तपासायचं काम करत होते. सकाळी बोटं वळायची नाहीत, कीबोर्डवर ती कुणा दुसऱ्याचीच वाटायची. केस उशीवर राहायचे. गालांवर लाल चट्टा आला तेव्हा आईने चेहऱ्याच्या डॉक्टरकडे नेलं, त्याने मलम दिलं, आम्ही ते पाच महिने लावलं.

शेवटी एका विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात गेलो. तिथल्या ओपीडीतल्या तरुण डॉक्टरणीने माझं एकेक बोट, मग मनगटं, मग गुडघे दाबून पाहिले. तोंड उघडायला लावून टॉर्च मारला. रक्ताचे रिपोर्ट आल्यावर तिने नाव सांगितलं, ल्यूपस, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं, आणि सरळ म्हणाली, "हा बरा होत नाही. पण शांत राहतो. औषधं सोडायची नाहीत आणि काही वेगळं वाटलं तर लपवायचं नाही."

आईने पहिला प्रश्न विचारला, "हे बाहेरून दिसतं का?"

"कधी दिसतं, कधी नाही."

आईने त्यातलं 'नाही' तेवढं उचललं. रिक्षात बसल्यावर माझा हात धरून म्हणाली, "हे बघ, डॉक्टरपुढं काय बोलायचं ते बोल. बाहेर बोल. पण घरात याचं नाव काढायचं नाही. आपण वाईट बोललो की वास्तू तथास्तु म्हणती."

हे मला नवीन नव्हतं. आमच्याकडे तांदूळ कधी संपत नाहीत, ते 'वाढतात'. बांगडी फुटत नाही, तीही 'वाढते'. लहानपणी मी एकदा "आई, साखर संपली" असं ओरडले होते तेव्हा तिने मला देवासमोर उभं करून "भरपूर आहे" असं तीनदा म्हणायला लावलं होतं. डबा रिकामाच होता. शेजारून वाटीभर आणली आणि मग चहा झाला.

खरं सांगायचं तर ही व्यवस्था मला जमून गेली. महिन्यातून एकदा आई बाहेरच्या बाकावर बसायची आणि मी त्या डॉक्टरणीला आत सगळं सांगायचे. चार-पाच मिनिटंच, पण महिनाभराचं सगळं तिथे ओतून यायचे. ती विचारण्याआधी हात पुढे करायची आणि मी माझा हात तिच्या हातात द्यायचे. सहा-सात महिन्यांत आजार शांत झाला. चट्टा गेला.

मग तो अभ्यास सुरू झाला.

दोन गट

निखत मला ओपीडीच्या दारातच भेटली. ती संशोधन विभागात कोऑर्डिनेटर होती, म्हणजे पेशंटना अभ्यासात घेणं, त्यांच्या तारखा सांभाळणं, कागद भरून घेणं ही तिची कामं. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठी. मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकाच वाक्यात वापरायची.

"बघ, तुम्ही लोक दर महिन्याला इतक्या लांबून येता, अर्धा दिवस रांगेत. आम्हाला बघायचंय की घरी बसून व्हिडिओवर तपासलं तर तेवढंच चांगलं चालतं का. दोन गट. एक इथे येणार, एक घरून बोलणार. कोण कुठे ते कॉम्प्युटर ठरवतो, मैं नहीं."

माझ्या शेजारी खुलताबादकडच्या एका गावातल्या सुमनबाई बसल्या होत्या. आजार तोच, वय पन्नासच्या पुढे. त्या म्हणाल्या, "मला नगं बाई फोन. मला माणूस लागतं समोर. फोनवर मी निस्ती हॅलो हॅलो करीत बसते."

कॉम्प्युटरने त्यांना ओपीडीत ठेवलं आणि मला घरी पाठवलं. आईला इतका आनंद झाला की तिने निखतच्या हातावर पेढा ठेवला. आता त्या रांगेत ओळखीचं कुणी भेटणार नव्हतं.

संमतीपत्राचं पानन् पान मी वाचलं. त्यात सगळं होतं: माझी माहिती गुप्त राहील, मी कधीही बाहेर पडू शकते, काही बदल वाटला तर ताबडतोब कळवायचं. आपल्या घरात आपल्याला बोलता येतं का, असा प्रश्न त्यात नव्हता. मलाही तो तेव्हा सुचला नाही. मी प्रत्येक पानावर सही केली.

एका निळ्या पिशवीत सामान मिळालं. ब्लडप्रेशरचं मशीन, वजनकाटा, लघवी तपासायच्या पट्ट्यांची बाटली आणि एक नोंदवही. पट्टी दर रविवारी बुडवायची आणि बाटलीवरच्या रंगांशी जुळवून बघायची. पिवळी राहिली तर ठीक. हिरवट झाली तर किडनीतून प्रथिनं जात आहेत, लगेच फोन करायचा. एवढं सोपं होतं.

डॉक्टर घरी येणार

महिन्यातून एकदा कॉल असायचा. आई आदल्या दिवशी सोफ्याचं कव्हर बदलायची. मागे दिसेल अशी कुंडी ठेवायची. पप्पा वाळूजच्या कंपनीतून पहिली पाळी करून आलेले असायचे, ते राउटरपाशी खुर्ची टाकून बसायचे आणि नेट नीट आहे की नाही ते बघत राहायचे. आई माझे केस विरळ झालेली बाजू झाकून विंचरायची, गालांवर पावडर फिरवायची.

"आई, डॉक्टरला चेहरा बघायचा असतो."

"मग बघू दे की. चांगला बघू दे. डॉक्टर घरात येणार म्हणजे पाहुणेच ना ते."

स्क्रीनवर आता ती डॉक्टरण नव्हती. एक तरुण डॉक्टर असायचे, त्यांच्यामागे भिंत, त्यांच्यापुढे अजून बरेच कॉल. ते विचारायचे, "सो, हाऊ आर यू डुइंग?" आणि माझ्या तोंडून पहिलीतली मुलगी बोलायची, "फाइन, सर."

मग निखत प्रश्नावली वाचायची. एरवी ती माझ्याशी कशी बोलायची आणि प्रश्नावलीत कशी! "गेल्या सात दिवसांत आपणास सांध्यांमध्ये वेदना जाणवल्या का? कधीच नाही, क्वचित, अनेकदा, सतत." फोन मी हातात धरायचे आणि फोनच्या मागे, बरोबर माझ्या नजरेसमोर, आई उभी असायची. तिच्यामागे देव्हारा. ती मान हलवायची. धमकी नव्हती त्यात. तिचा चेहरा विनवणीचा असायचा.

"क्वचित," मी म्हणायचे.

"आपणास थकव्यामुळे दैनंदिन कामे थांबवावी लागली का?"

मी पुन्हा आईकडे बघायचे. "कधीच नाही."

"गुड, गुड," डॉक्टर म्हणायचे. औषधाचा डोस एकदा कमी केला, मग आणखी एकदा.

मी दिवसातून चौदा-चौदा तास झोपत होते.

नोंदवही आई भरायची. सुरुवात मीच करून दिली. सकाळी पेन धरवत नव्हतं म्हणून मी सांगायचे आणि ती लिहायची. तिचं अक्षर फार सुंदर आहे, वैजापूरच्या शाळेत तिला बक्षीस मिळालं होतं. नंतर मी सांगणं बंद केलं आणि ती स्वतःच लिहू लागली. प्रत्येक ओळीत 'नाही', 'नाही', 'नाही'. शेवटच्या रकान्यात 'पट्टीचा रंग: पिवळा'.

ज्या रविवारी पहिल्यांदा पट्टी बदलली तेव्हा आम्ही दोघी बाथरूमच्या दाराशी ट्यूबलाइटखाली उभ्या होतो. आईने पट्टी बाटलीला लावून पाहिली, लांब धरली, जवळ धरली.

"पिवळाच आहे."

"थोडा हिरवट वाटतोय."

"उजेडामुळं. पिवळाच आहे. कशाला नाही ते बोलायलीस?"

ती खोटं बोलत होती असं मला आजही वाटत नाही. तिला पिवळा दिसला. मला हिरवा दिसला. मी पट्टीचा फोटो काढला आणि गप्प बसले. पुढच्या रविवारी पुन्हा काढला. कुणाला तरी दाखवीन असं मनात होतं. फोन करायला निखतचा नंबर होता, टाइप करायला बोटं होती, घरातून बाहेर पडून गच्चीवर जाता आलं असतं. मी गेले नाही. आईवर मी रागावलेली आहे आणि ते मी लपवणार नाही, पण ते फोटो माझ्या फोनमध्ये होते, तिच्या नव्हे.

स्थळ

त्याच सुमाराला आत्याने वैजापूरचं स्थळ आणलं. मुलगा पुण्यात नोकरीला, घरची शेती, माणसं बरी. मला मुलाबद्दल तक्रार नव्हती. तो माझ्याइतकाच कमी बोलत होता.

"मेडिकलचं सांगायचं का त्यांना?" पप्पांनी एकदाच विचारलं.

"काय सांगायचं?" आई म्हणाली. "डॉक्टरच म्हणतात गुड गुड. वहीत बघा, सगळं 'नाही' आहे."

आपण स्वतः भरलेली वही ती पुरावा म्हणून दाखवत होती आणि पप्पा ती चष्मा लावून वाचत होते.

तीन महिन्यांनी एकदा कॉलेजच्या लॅबमध्ये जाऊन रक्त-लघवी द्यायची होती. नेमके त्या आठवड्यात पाहुणे आले. निखतचा फोन आला. आई म्हणाली, "पुढच्या आठवड्यात येते हं बेटा." पुढच्या आठवड्यात आत्या मुक्कामाला होती. निखतने दोनदा आठवण केली, मग म्हणाली, "मुदत गेली आंटी, आता पुढच्या वेळी. कॉल तर होतोच आहे." तिच्याकडे असे किती पेशंट होते कोण जाणे. तिने 'चाचणी झाली नाही' अशी नोंद केली आणि ती पुढे गेली.

त्यानंतरच्या कॉलला माझे डोळे सुजलेले होते आणि पायांत मोजे होते. मोजे कॅमेऱ्यात दिसत नाहीत. मी वजन सांगितलं, ते खरं सांगितलं. मनात म्हटलं, आता तरी विचारतील.

डॉक्टर हसले. "अरे वा, वेट गेन! अपेटाइट चांगली दिसते. कीप इट अप."

आईने फोनमागून माझ्याकडे बघून दोन्ही हातांनी माझी दृष्ट काढली.

दोन-चारच्या बांगड्या

स्थळ जमलं आणि साखरपुड्याआधी आई मला गुलमंडीजवळ एका बांगड्यांच्या दुकानात घेऊन गेली. तिथे एक म्हाताऱ्या खाला बसतात. माझ्या लहानपणापासून बांगड्या त्याच भरतात. हात कितीही आखडलेला असो, त्या अंगठा आत दुमडून, गप्पा मारत मारत, दुखू न देता बांगडी चढवतात.

त्यांनी माझा हात हातात घेतला आणि गप्पा थांबल्या.

"पिछली दिवाळी को दो-चार नाप की पहनाई थी मैं इसको," त्या आईला म्हणाल्या. "आज दो-आठ बी नई जा री."

"भरली आहे जरा," आई कौतुकाने म्हणाली.

खालांनी मनगटावर अंगठा दाबून धरला, मग उचलला. खड्डा तसाच राहिला. आम्ही तिघी त्या खड्ड्याकडे बघत होतो. तो भरून यायला फार वेळ लागला.

"ये चर्बी नई है. पानी है. डॉक्टर को दिखाए क्या?"

"दर महिन्याला बघतात ना डॉक्टर," आई म्हणाली.

"हाथ लगा के देखे क्या?"

दुकानात दुसरं गिऱ्हाईक होतं, दोन कॉलेजच्या मुली होत्या. मी घरात नव्हते. मी म्हणाले, "मला ल्यूपस आहे, खाला. पाय पण सुजतात. लघवीला फेस येतो. दोन महिने झाले."

आईने माझ्याकडे पाहिलं. ती मला गप्प करील असं वाटलं होतं. तिने पर्स उचलली, मला दंडाला धरून उठवलं आणि रिक्षावाल्याला कॉलेजचं नाव सांगितलं. घराचं नाही. एवढं तिच्या बाजूने लिहायलाच हवं.

वॉर्ड

तिथे तीन आठवडे राहिले. वैद्यकीय तपशील मी लिहीत नाही, ते डॉक्टर सांगतील. पाठीतून किडनीचा तुकडा काढतात तेव्हा मशीनचा टक् असा आवाज येतो, त्या आवाजाचीच भीती जास्त वाटते, दुखतं त्या मानाने कमी. जे माहीत असावं ते इतकंच.

सकाळी साडेपाचला दिवे लागायचे. मग रक्त, मग ब्लडप्रेशर, मग झाडू. चोवीस तासांची लघवी एका मोठ्या कॅनमध्ये साठवायची आणि लॅबमध्ये न्यायची. आई तो कॅन साडीच्या दुकानाच्या जरीच्या पिशवीत घालून न्यायची, जणू कुणाला आहेर चालला आहे. एकदा मला हसू आलं. तिला नाही आलं.

मोठे सर राउंडला आले, बरोबर विद्यार्थी. फाइल चाळून ते विद्यार्थ्यांना इंग्रजीत म्हणाले की पेशंट व्हिडिओ गटात होती, पण पेशंटने त्रास कळवला नाही. मग मराठीत मला म्हणाले, "काळजी करू नका." ते गेल्यावर पप्पांनी विचारलं, "काय म्हणाले गं ते इंग्लिशमध्ये?"

"काही नाही," मी म्हणाले.

किडन्यांचा काही भाग वाचला, काही गेला. गेलेला परत येणार नाही, हे त्या जुन्या डॉक्टरणीने पलंगावर बसून सांगितलं. सांगताना तिने माझं मनगट धरलं होतं. त्या दिवशी पप्पा आणि आई कॉरिडॉरमध्ये भांडले. दार उघडं होतं.

"हिरवा रंग हिरवा दिसत नाही का माणसाला?"

"तुम्हाला कुठं दिसला? तुम्ही तर राउटर बघत बसला होता."

मग बरेच दिवस ते एकमेकांशी माझ्यामार्फत बोलायचे. "आईला सांग, डबा आणलाय." दोन पावलांवर आई उभी असायची.

शेजारच्या खाटेवर दोन दिवसांच्या सलाइनसाठी सुमनबाई आल्या. त्यांचाही आजार मध्ये उसळला होता, पण पहिल्याच आठवड्यात सापडला.

"मी त्या डॉक्टरचं लई डोकं खाल्लं," त्या सांगत होत्या. "इथं दुखायलंय, तिथं दुखायलंय, पाय जड पडायलेत. कटाळून कटाळून त्यानं तपासलं बघ. तू काय केलं? हसली आसशील फोनात."

"हो."

"श्यानी का खुळी तू? आजारी माणसाला हसायची काय घाई?"

त्या रागावल्या होत्या आणि रागावूनच माझे उरलेसुरले केस विंचरत होत्या. वेणी उंदराच्या शेपटीएवढी झाली. त्यांनी तिला गाठ मारली आणि म्हणाल्या, "येतील. नाय आले तर पदर हाय." मी तीन आठवड्यांत एकदाच रडले ते तेव्हा.

वैजापूरच्या मंडळींनी आत्याला एक फोन केला. मग नाही केला. आत्या म्हणाली, "आधी सांगायचं होतं वहिनी. मला तोंडघशी पाडलं." मला सुटल्यासारखंही वाटलं आणि अपमानही झाला. त्या मुलाचा एक मेसेज आला, 'टेक केअर'. मी लिहिलं, 'थँक यू'. आम्ही दोघंही बहुतेक एकाच तऱ्हेच्या शाळेत शिकलो असू.

एकच रेघ

घरी आल्यावर काही महिन्यांनी निखतचा फोन आला. अभ्यास बंद होत होता, शेवटची भेट राहिली होती. आई आणि मी निखतच्या विभागात गेलो; तिथे कुलूपबंद कपाटांच्या रांगा आहेत आणि प्रत्येक फाइलवर नावाऐवजी आकडा. माझ्या आकड्याची फाइल तिने उघडली. वर माझी नोंदवही होती.

तिने दार लोटलं. "हे तुझं अक्षर नाही ना?"

"आईचं आहे."

"सोमवारी मॉनिटर येणार, कागद तपासायला. तू प्रत्येक पानावर फक्त सही कर. सांगितलं तू, लिहिलं आईने, असं होऊ शकतं ना? बस. क्लोज."

"पण मी असं सांगितलं नव्हतं."

तिने वही मिटली. मग हळू म्हणाली, "यार, तू मला कॉल का नाही केलास? मी होते ना. मैं तो थी ना."

तिचे डोळे भरले होते, म्हणून मी तिच्यावर जास्त रागावू शकले नाही. पण सही केली नाही. या वहीवरून आणि अशाच बाकीच्या वह्यांवरून ठरणार होतं की घरी बसून तपासणं चालतं. उद्या माझ्यासारखी एखादी सोफ्यावर बसवली जाईल तेव्हा कुणीतरी म्हणेल, बघा, मागच्या मुलीलाही काही त्रास नव्हता.

"मग दुरुस्त करावं लागेल," निखत म्हणाली. "पण तू नाही करू शकत. ज्याने लिहिलं त्यानेच. खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला खरं लिहायचं, सही, तारीख आणि कारण."

आई बाहेरच्या बाकावर माझे रिपोर्ट मांडीवर घेऊन बसली होती. तिला आत बोलावलं. निखतने सगळं पुन्हा समजावलं. आईने विचारलं, "खोडल्यावर खालचं दिसत राहील?"

"दिसलंच पाहिजे आंटी. नियम आहे."

खरं काय ते कसं कळणार, म्हणून मी पट्ट्यांचे फोटो उघडून फोन टेबलावर ठेवला. एकेका रविवारचा, तारखेसकट. पहिला हिरवट, मग हिरवा, मग गडद. आई एकेक सरकवत गेली.

"तू फोटो काढत होतीस?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"घरात होतो ना आपण," मी म्हणाले.

निखत काहीच न समजून आमच्याकडे बघत होती. आईने तिच्याकडून फूटपट्टी मागून घेतली. 'पिवळा' या शब्दावर फूटपट्टी ठेवून तिने सरळ रेघ मारली. मग पेन थांबलं. तिने खोलीभर नजर फिरवली, कपाटांवरून, छतावरून, कोपऱ्यांवरून. ही कुणाची वास्तू आहे ते बघावं तशी. मग त्याच सुंदर अक्षरात लिहिलं, 'हिरवा'.

"कारण मध्ये 'चुकून' लिहा आंटी. सगळे तेच लिहितात."

"चुकून नाही," मी म्हणाले. माझा आवाज बराच मोठा आला.

आईने माझ्याकडे पाहिलं नाही. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं, 'घरात होतो'. प्रत्येक पानावर तेच, प्रत्येक ओळीपुढे. आम्हाला दुपारचं जेवण चुकवावं लागलं.

दोन आठवड्यांनी निखतचा मेसेज आला. नोंदी पेशंटने स्वतः भरलेल्या नसल्यामुळे माझी वही निष्कर्षांतून वगळली होती. बाकीच्यांच्या वह्या कुणी भरल्या, हे मी तिला विचारलं. मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

पट्ट्या आता मी स्वतः विकत आणते. दर रविवारी बाथरूममधून बाहेर येऊन हॉलच्या मधोमध उभी राहते आणि रंग मोठ्याने सांगते. त्या क्षणी स्वयंपाकघरात आई नळ सोडते, पूर्ण, भांडी नसली तरी. पाण्याच्या आवाजात मला पुन्हा सांगावं लागतं. मी सांगते. मग नळ बंद होतो आणि ती ओल्या हाताने नवी वही उघडते.